काकाइच्या ग्रुपाले मी लावलेलं कुलूप

मंडळी, आयाबहिणींनो, तांड्यावरून आलेल्या भावांनो, अन् काकू,

तुमी सगळे काकाइच्या शोकसभेले आले. कापूस वेचाचे दिवस हाय, माणूस भेटत नाही वेचाले, तरी आले. मी इथून पाहून राह्यली, दोन्ही पॅनलवाले बसले हाय. एक डाव्या अंगाले, एक उजव्या अंगाले, मधात जागा सोडून. जसे नेहमी बसता तसे. काकाइनं हे पाह्यलं असतं त म्हणले असते, बसा बसा, मधातून माही वायर जाईन.

मले बोलता येत नाही. मी वैशाली. पंचायतीच्या गाळ्यात ऑनलाइन सेंटर चालवते. तुमच्यातल्या सगळ्याइचे फॉर्म मीच भरते. तुमचं नाव, तुमच्या बापाचं नाव, तुमच्या वावराचा गट नंबर, सगळं पाठ झालं मले. पण आपल्या नावानं चार माणसात उभं राहून बोलाचं काम कधी पडलं नाही. सांभाळून घ्या.

सकाळपासून मले हे सगळं सपनातलं वाटून राह्यलं. ही सतरंजी, हा फोटो, फोटोतल्या काकाइचा तो कडक इस्तरीचा शर्ट, जो त्याइनं जन्मात घातला नाही. दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागते ना, अन् दुरून कोण्या गावच्या लग्नातला भोंगा ऐकू येते. शब्द समजत नाही. नुसता आवाज, वाऱ्यासंगं येते, जाते. तसं होऊन राह्यलं. तुमी माह्या पुढं बसले हाय अन् तरी दूर वाटता. अन् मले सारखं वाटते की मागून कोणी तरी येईन अन् म्हणन, पोरी, माईक इतका तोंडात नोको घालू, चार बोटं दूर धर.

हा माईक त्याइचाच हाय. काकूनं सकाळी पेटीतून काढून देला.

जे बाहेरगावचे पाव्हणे आले त्याइच्यासाठी सांगते. उत्तमकाकाइले आमच्या गावात उत्तमराव कोणी म्हणत नव्हतं. माईकवाले काका. चाळीस वर्षं त्याइनं या भागात भोंगे लावले. महागावच्या बाजारात लावले, पुसदच्या सभेले लावले, लग्नं, बारसे, भजनं, कुस्त्या. अन् निवडणुका. कोणती पार्टी काकाइच्या माईकवर बोलली नाही? सांगा. सकाळी एक पार्टी, संध्याकाळी त्याच मैदानात दुसरी. सकाळचा पुढारी संध्याकाळच्याले चोर म्हणे, संध्याकाळचा सकाळच्याले डाकू म्हणे. काका मधात फक्त एक फडकं घेत अन् माईक पुसत. मी लहान होती तवा विचारलं, काका, काहून पुसता? त म्हणे, थुका दोघाइचाही सारखाच उडते बापा.

मग डीजेवाले आले. काकाइच्या भोंग्याले कोणी विचारेना. एक दिवस माह्या सेंटरमधी आले, नवा मोबाईल घेऊन, त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदबी काढला नव्हता. म्हणे, वैशाली, मले या फोनात असा माईक लावून दे की ज्याच्यावर गावातलं कोणीबी येऊन बोलन. स्टेज लागणार नाही, हार लागणार नाही, अध्यक्ष लागणार नाही.

मी ग्रुप बनवून देला. नाव त्याइनंच सांगतलं. 'बोला गाववाले.'

तुमाले सगळ्याइले माहीत हाय मग काय झालं ते. गाव बोललं. बाप रे बाप, काय बोललं! रस्ता, नाली, घरकुल, सरपंच, उपसरपंच, आमदार, दिल्ली. शेंगा सोलता सोलता बाया बोलल्या. तांड्यावरचे लोकं बोलले, जे पंचायतीत आले त दाराशीच उभे राहत. भांडणं झाली, रुसवे झाले, कोणी रागानं ग्रुप सोडला अन् दुसऱ्या दिवशी माह्याकडं येऊन, ताई, मले परत घ्या ना. घेतलं.

काका अ‍ॅडमिन. अन् काकाइचे नियम अजब. सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलाचा फोटो अन् शुभ सकाळ कोणी टाकलं, की काढलं! त्याच मिनिटाले. सख्ख्या साळ्याले काढलं त्याइनं फुलापायी. मी म्हटलं, काका, इथं लोकं एकमेकाइच्या मायबापाले काय काय बोलून राह्यले, ते राहू देता, अन् फुलावर एवढा राग? त म्हणे, जो बोलून राह्यला त्याच्यासंगं बोलता येते. फुलासंगं काय बोलू?

पण कोणी लय वाईट लिहिलं, कोणाच्या घरच्या बाईवर गेलं, जातीवर गेलं, त काका काय करत, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणाइले माहीत हाय. हसू नका, मले दिसून राह्यलं कोण हसते ते. काका मेसेज काढत नव्हते. माणसाले काढत नव्हते. काका टोपी घालत अन् त्याच्या घरी जात.

माह्याकडंही आलते. सांगू का? सांगतेच.

मी रस्त्याच्या कामावर लिहिलं होतं, जुन्या सरपंचाच्या विरोधात. तीन ओळी. दुपारची वेळ, मी सेंटरमधी, माही माय बाजूले बसून तुरीतले खडे निवडून राह्यली. काका आले. चहा घेतला, बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून. मग माह्याच फोनवर माहाच मेसेज पाठवला अन् म्हणे, एक प्रिंट काढ. मी काढली. म्हणे, आता वाच. मोठ्यानं. तुही माय ऐकून राह्यली.

पहिली ओळ मी दणकून वाचली. दुसरीबी वाचली, खडी किती टाकली अन् किती दाखवली. मायनं मान हलवली, बरोबर हाय म्हणे. तिसरी ओळ सरपंचाच्या बायकोवर होती. ती माह्या तोंडातून निघेना. लिहिली मीच होती बरं. आपल्या बोटानं. पण मायकडं पाहून मी कागद पालथा ठेवला. पंखा फिरून राह्यला. माय विचारते, पुढं काय हाय वो?

काका म्हणे, पुढं काही नाही बाई, संपलं. अन् मले म्हणे, पहिल्या दोन ओळी ठेव. त्याच्यापायी तुह्या अंगावर कोणी आलं त मी तुह्या पुढं उभा राहतो. तिसरी तूच काढ. मी माह्या हातानं कोणाचं बोलणं पुसत नाही.

मी काढली. अन् खरंच सांगते, दुसऱ्या दिवशी सरपंचाचे माणसं आलते माह्या सेंटरवर. काका आधीच येऊन खुर्ची टाकून बसले होते.

असा त्याइचा कारभार. जे माणसानं मोठ्यानं वाचलं, ते राहिलं, मग ते कितीबी कडू असो. जे वाचलं गेलं नाही, ते माणसानं स्वतः काढलं. किती घरं फिरले असतीन काका? उन्हात, पायात त्या रबरी चपला. कोणी चहा देला, कोणी कुत्रं सोडलं. एकानं त छाती फुगवून सगळं वाचून दाखवलं, शिव्यांसकट, आपल्या सासऱ्यापुढं. काका म्हणे, वाचलं ना भाऊ तू, त राहू दे. सासऱ्यानंच काढाले लावलं.

चुकले नाही का कधी? चुकले. एकदा ताप होता, घरी जाणं झालं नाही, अन् एका माणसाले सरळ काढून टाकलं. तीन दिवस त्याइले चैन नाही. चौथ्या दिवशी त्याच्या वावरात गेले, हात जोडले, परत घेतलं. तो माणूस अर्ध्या तासात पुन्हा आपल्याआप निघून गेला. काका हसले. म्हणे, गेला त गेला, पण आपल्या पायानं गेला.

मंडळी, इथवर सांगणं सोपं होतं.

दिवाळीनंतर काकाइची तब्येत बिघडली. साखर वाढली, डोळ्याले कमी दिसाले लागलं, पायाची जखम भरेना. यवतमाळले न्यायचं ठरलं. निघाच्या आदल्या दिवशी माह्याकडं आले. म्हणे, वैशाली, तू अ‍ॅडमिन हो अन् मले काढ. मी म्हटलं, तुमाले काढू? दोघंही राहू ना. म्हणे, नाही. दुखणाईत माणसाले लवकर राग येते. दवाखान्यातल्या खाटेवरून मी कोणाचा न्याय करणार नाही. मी आता साधा गाववाला. तुह्या भरोशावर.

त्याच्यानंतर निवडणूक लागली. पंचायतीची. दोन पॅनल.

चंदाबाई आल्या हाय का? हाय, त्या खांबाजवळ. चंदाबाई, मी तुमचं नाव घेते, राग मानू नका. तांड्यावरच्या चंदाबाईनं ग्रुपवर आवाज टाकला. चाळीस सेकंदही नसन. मले शब्द न् शब्द पाठ हाय. म्हणे, 'मी चंदाबाई, तांड्यावरून बोलते. दोन्ही पॅनलचे भिया, भाऊ लोकं, आमच्याकडं आले. दोघंही म्हणे, पाण्याची लाइन आमीच आणतो. तिथं कानात सांगतलं, बरं झालं. आता तेच इथं बोला, आपल्या आवाजात. मंजे उद्या आमाले ऐकवता येईन.'

बस इतकंच. काय चूक होती याच्यात? कोणाले शिवी होती? कोणाचा अपमान होता?

दोन्ही पॅनलकडून एक आवाज आला नाही. आली ती घाण. पाच जणाइनं लिहिलं. पोट्टे नव्हते बरं, लग्न झालेले, लेकरंबाळं असलेले माणसं. एका बाईनं पाणी मागतलं त तिच्या जातीवर गेले, तिच्या चालचलनावर गेले. ते पाचही जण मले माहीत हाय. आज इथं तिघं बसले हाय.

काका असते त टोपी घातली असती. पाच घरं. दुपारभराचं काम. मले माहीत होतं काय कराचं. मले सगळ्याइपेक्षा जास्त माहीत होतं, कारण माह्यावर ते झालं होतं. मी चपला घातल्या. दारापर्यंत आली. अन् मग माह्या मनात आलं की हे निवडणुकीचे दिवस, हे माणसं पॅनलचे, अन् मी एकली बाई. मी परत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पॅनलचे पुढारी माह्या सेंटरमधी आले. एकासंगं! मी जन्मात पाह्यलं नव्हतं. एकानं चहा सांगतला, दुसरा म्हणे, थांब, मी देतो. इतकं प्रेम. म्हणे, वैशालीताई, वातावरण खराब होऊन राह्यलं. मतदान होईपर्यंत ग्रुप बंद ठेवा. फक्त अ‍ॅडमिन बोलन असं करा. जाता जाता एकानं माह्या शटरवर हात ठेवला. म्हणे, गाळा लय मोक्याचा हाय तुमचा. दुसरं काहीच बोलले नाही. धमकी नाही, काही नाही. हसत गेले.

मी फोन घेतला. तीन वेळा बोट लावलं. ग्रुप बंद.

अन् खोटं कायले बोलू, पहिल्या दिवशी मले बरं वाटलं. फोन वाजेना. सकाळी धुकं पडलं की उकिरडेसुद्धा दिसत नाही, सगळं कसं मऊ मऊ दिसते, तसं गाव दिसाले लागलं. मीच टाकत होती काहीबाही. रेशन कधी येणार. लाइट कधी जाणार. खाली कोणी काही म्हणत नव्हतं. मी सेंटरमधी बसून राहो अन् मले वाटे, आपण सगळे झोपलो हाय, चालता चालता झोपलो हाय, अन् कोणीच कोणाले उठवून नाही राह्यलं.

चंदाबाई फॉर्म भराले आल्या. भरला. जाताना म्हणे, ताई, घाण त्याइनं लिहिली अन् तोंड माहं बंद केलं? मी म्हटलं, सगळ्याइचंच बंद हाय ना. त्याइनं पावती घेतली अन् गेल्या.

चार दिवसांनी मी यवतमाळले गेली. काकाइले पाहाले.

काकू, तुमाले आठवते ती दुपार. तुमी संत्र सोलून राह्यल्या होत्या. खिडकीतून ऊन आलं होतं, त्या उन्हात काकाइचा पाय, पांढऱ्या पट्टीचा. पंखा लय हळू फिरे. काका म्हणे, बरं झालं आली. माह्या फोनाले काय झालं पाय बरं. मी बोलतो ते जातच नाही. बोलाचं बटनच दिसत नाही मले.

मंडळी, काकाइचा एक स्वभाव होता, धंद्यातला. सभेत आवाज गेला नाही की दुसरे माईकवाले बोलणाऱ्याले दोष देत, लाइटवाल्याले शिव्या देत. काका आधी आपली वायर पाहत. आपलाच सांधा सुटला असन, आपलीच बॅटरी उतरली असन. चाळीस वर्षांची सवय. त म्हणून दवाखान्यात त्याइले वाटलं की आपलाच फोन बिघडला. काकूले खिडकीपाशी उभं करे, फोन वर धर म्हणे. दवाखान्यापुढच्या दुकानात दुरुस्तीले पाठवला. दुकानदार म्हणे, फोन चांगला हाय. काकाइले पटेना. कोणी ग्रुप बंद केला असन, हे त्याइच्या मनातच आलं नाही. गावाचं तोंड कोणी बंद करन, अन् ते वैशाली करन, हे त्याइच्या सपनातही नव्हतं.

मी फोन हातात घेतला. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. इंग्रजीतली, की इथं फक्त अ‍ॅडमिनच बोलू शकते. काकाइले दिसत नव्हती. काकूले वाचता येत नव्हती. मले दिसली अन् मले वाचता आली.

मी म्हटलं, काका, दवाखान्यात रेंज नाही.

काका म्हणे, असं होय. मंग ठीक हाय. मले वाटलं माहंच काही बिघडलं.

अन् डोळे मिटले. मिटल्या डोळ्यानं बोलाले लागले, हळू हळू. म्हणे, वैशाली, मले रोज दुपारी सपन पडते. मी पुऱ्या शिवारात वायर टाकली हाय. पैनगंगेपासून आपल्या तांड्यापर्यंत. एकेका पळसाले एकेक भोंगा बांधला. तुरी फुलल्या हाय, पिवळं पिवळं, अन् मधात एक माईक उभा हाय एकला. मी म्हणतो, या, बोला. कोणी येत नाही. मी पुन्हा वायर पाहत जातो, हा सांधा, तो सांधा, लय चालतो. सगळे सांधे बरोबर. म्हणे, मले समजत नाही पोरी, सांधे बरोबर हाय त आवाज काहून येत नाही?

मी तिथं त्याइले सांगू शकली असती. तोंड उघडलं होतं मी. काकूनं संत्र्याची फोड माह्या हातात देली. मी ती खाल्ली.

ते काय बोलणार होते ग्रुपवर? चंदाबाईसाठी काही होतं? त्या पाच जणाइले काही होतं? का नुसतंच, मी बरा हाय, असं? मी विचारलं नाही. मी भ्याली, की विचारलं त आणखी एक खोटं बोला लागन. त्या भेटीनंतर सहाव्या दिवशी काका गेले. त्याइले काय बोलाचं होतं ते मले माहीत नाही. काकूले माहीत नाही. कोणालेच माहीत होणार नाही आता. ते मी केलं.

काकू, हे तुमाले आज समजून राह्यलं. घरी येऊन सांगाले पाहिजे होतं. तीनदा तुमच्या दारापर्यंत आली अन् मागं फिरली. मले माफ करा असं मी म्हणत नाही. तुमी रागवा. घरी बोलवा अन् रागवा. पण मले मोठ्यानं सांगणं भाग होतं, कारण जे मी केलं ते वाचून दाखवाले माह्या घरी कोणी येणार नव्हतं. येणारा त गेला.

काका गेले ती बातमी मीच टाकली. दुसऱ्या कोणाले टाकताच येत नव्हती. मी वाट पाहत बसली, आता लोकं लिहितीन. अन् मग माह्या ध्यानात आलं. चारशेच्या वर माणसं त्या ग्रुपात. ज्या माणसानं त्याइले बोलाले शिकवलं तो गेला, अन् त्याच्यासाठी एकाले एक शब्द लिहिता येत नव्हता. तुमी फक्त जोडलेले हात दाबले. माह्या मेसेजच्या खाली नुसते हात. वाढत गेले. मी पाहत राह्यली, ते पिवळे पिवळे हात. सगळे मुके.

मग निकाल लागला. गुलाल उडाला. पॅनलवाल्याइनं सांगतलेली मुदत संपली. तरी मी उघडलं नाही. आता पॅनलवाल्याइची भीती नव्हती. आता भीती ही होती की उघडलं त पहिला माणूस विचारन, काहून बंद केलं होतं? अन् मले उत्तर द्या लागन. म्हणून आजपर्यंत तसंच हाय.

त ऐका. काल मले निरोप आला, चांगल्या माणसाकडून आला, शिकलेल्या. म्हणे, ताई, बंदच राहू द्या. काका गेले, आता कोण सांभाळन? गावात शांतता हाय. मी त्याइले विचारते, भाऊ, तुमाले शांतता दिसून राह्यली, चंदाबाईले काय दिसून राह्यलं, ते एकदा त्याइले विचारलं का?

नवे सरपंच पुढंच बसले हाय. सरपंच, अभिनंदन. गाळा पंचायतीचा हाय, मले माहीत हाय. काढून घ्यायचा असन त नोटीस द्या, मी घरच्या ओसरीत टेबल टाकीन. पण नोटीस काहून देली ते ग्रुपवर लिहाल, आपल्या नावानं. तुमाले कोणी अडवणार नाही.

अन् ते पाच जण. मी नाव घेत नाही. उद्या दुपारी मी येते तुमच्या घरी. मले काकाइसारखी टोपी नाही. बिनसाखरेचा चहा मी पीत नाही. पण प्रिंट घेऊन येते. घरी राहा.

हा माहा फोन. मी आता इथं, तुमच्या पुढं, उघडून राह्यली.

झालं. उघडलं.

मंडळी, शोकसभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहून गप राहाची रीत हाय. हार घेऊन उभे असलेले भाऊ केव्हाचे माह्याकडं पाहून राह्यले, की ताई, मौन सांगा. मी ते सांगणार नाही. ग्रुप बंद ठेवून काकाइले मी एकवीस दिवस मौन देलं. ते जिवंत होते तवाही देलं. आणखी दोन मिनिटं माह्याच्यानं देववत नाही.

उभे राहा सगळे. फोन काढा. बंद केले असन त चालू करा, आवाज वाढवा. काकाइविषयी जे बोलाचं ते बोला, चांगलं बोला, वाईट बोला, तुमाले फुलापायी काढलं असन त तेही बोला. मले जे म्हणाचं ते म्हणा. मी एकही पुसणार नाही.

काका, नमस्कार करते. रेंज होती. मी खोटं बोलली.

चंदाबाई, तुमचं बोलणं अर्धं राह्यलं होतं. आधी तुमी बोला. आमी ऐकून राह्यलो.